फुरसतरावांचा आकडा आणि सदुसष्ट फुगे

आमच्या गल्लीतल्या कटिंगवाल्याला सगळे फुरसतराव म्हणतात, आणि ते नाव कुणी ठेवलं असं विचाराल तर मी दुसरीकडे बघेन. एका डोक्याला त्यांना एक तास लागायचा. त्यात पंधरा मिनिटं कात्री आणि पाऊण तास गप्पा. घाईतली माणसं चौकातल्या दुसऱ्या दुकानात जायची आणि केस कापून, तोंड पाडून परत यायची, कारण तिथे कुणाची काही बातमीच मिळायची नाही.

माझं बटणं, रिबिनी आणि फुग्यांचं दुकान त्यांना अगदी चिकटून. मधली भिंत इतकी पातळ की तिकडे कुणी उसासा टाकला तर इकडे माझी बटणं हलतात. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी माझं स्टूल उचलून त्यांच्या दारात नेते. गल्लीत काय चाललंय याची आम्ही दोघं मिळून नीट व्यवस्था लावतो. त्यांच्या बायकोला हे पसंत नाही. ती शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर पोरांच्या हातातल्या काचनळ्या सांभाळून तिची नजरच अशी झाली आहे की एखादी वस्तू पडायच्या आधीच तिला फुटल्याचा आवाज येतो.

तर गेल्या वर्षी फुरसतराव स्कूटरवरून घसरले आणि मागून टेम्पो आला. एवढंच सांगते, कारण त्यांनाही त्याहून जास्त सांगायला आवडत नाही, आणि ज्या माणसाला वीज गेल्याची गोष्ट सांगायला वीस मिनिटं लागतात तो दोन वाक्यांत थांबतो म्हणजे समजून घ्यावं. डावा हात गेला. कोपर वाचलं, कोपराखाली एक वीतभर हात उरला.

बघायला आलेला प्रत्येकजण म्हणायचा, "उजवा वाचला, नशीब! कात्रीचा हात आहे." फुरसतराव मान डोलवायचे. सगळे गेल्यावर एकदा मला म्हणाले, "वहिनी, कात्री काय, माकडसुद्धा चालवेल. कटिंग डाव्या हाताने होते. कंगवा डाव्यात. केस उचलायचे डाव्याने. कात्री आणि कातडी यांच्या मधे उभा राहतो तो कंगवा, आणि कंगवा धरणारा माझा गेला."

मी म्हटलं, "मग आता तो माकडवाला हात मला द्या, मी दुकान चालवते."

ते हसले. अपघातानंतर पहिल्यांदा. आणि त्यांच्या बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप संत्री सोलायला घेतली.

उरलेल्या वीतभर हाताला त्यांनी ‘धाकटा’ म्हणायला सुरुवात केली. धाकटा आज रुसलाय, धाकट्याला थंडी वाजते, धाकट्याची आंघोळ झाली का. धाकट्याचे लाड भारी. जखम भरल्यावर रोज त्याला लवचीक पट्टी बांधायची, तीही इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी तिरकी फिरवून, टोकाला घट्ट आणि वर येताना सैल, म्हणजे सूज उतरून त्याला गाजरासारखा आकार येतो आणि पुढे कृत्रिम हाताच्या खोबणीत तो नीट बसतो. हे काम बायकोचं. ती पट्टी अशी बांधायची की बघतच राहावं, एकही वळण वेडंवाकडं नाही. मी एकदा करून पाहिलं तर धाकटा पुडीत बांधलेल्या चिवड्यासारखा दिसायला लागला, आणि माझ्याकडून ते खातं कायमचं काढून घेतलं.

मग आल्या व्यायामबाई. सरकारी पुनर्वसन केंद्रातल्या, उंच, सडसडीत, आणि आवाज असा की खुर्चीसुद्धा सरळ बसावी. आधी त्यांनी धाकट्याला धीट केलं. मऊ कापूस, मग टॉवेल, मग खरखरीत घासणी, रोज घासायचं, म्हणजे कातडीला स्पर्शाची सवय होते. मग कोपर वाकव, खांदा फिरव, धाकट्याला भिंतीवर वर सरकव. आणि फुरसतरावांना सगळ्यात छळणारी गोष्ट होती ती म्हणजे नसलेली करंगळी. जो हात नाही त्याची करंगळी खाजायची!

"कुठे खाजवू सांग ना," ते बायकोला म्हणायचे, "इथे, हवेत, जरा खाली."

आणि ती बिचारी हवेत खाजवायची. मी डोळ्यांनी पाहिलंय.

व्यायामबाईंनी टेबलावर आरसा उभा केला. धाकटा आरशाच्या मागे, उजवा हात पुढे, आणि आरशात बघत उजव्या हाताची मूठ हळूहळू उघडायची. बघणाऱ्याला वाटतं दोन्ही हात शाबूत आहेत. डोक्यालाही तसंच वाटतं, आणि आवळून बसलेला तो नसलेला हात सैल होतो. पंधरा दिवसांत खाज पुष्कळ कमी झाली. फुरसतराव म्हणाले, "आयुष्यभर मी लोकांना आरशात दाखवून फसवलं, ‘बघा, दहा वर्षांनी लहान दिसता.’ आता आरसा माझ्यावर डाव उलटवतोय."

आता हाताची निवड. हे मात्र लग्न जमवण्यासारखं प्रकरण झालं. तीन स्थळं आली.

पहिलं स्थळ शोभेचं. केंद्रातला कारागीर, ज्याला आम्ही हातवाला म्हणायचो, त्याने साचा घेतला, आणि रबरी हात आला. नखं, शिरा, अगदी मनगटावर तीळ! वजनाला हलका, खिशात घातला तर कुणाला कळायचं नाही. पण तो काही धरत नाही, नुसता असतो. बायकोला तो फार आवडला. "कार्यक्रमाला छान," ती म्हणाली. फुरसतरावांनी तो पाहिला आणि म्हणाले, "हा माझ्याहून गोरा आहे. आणि माझ्यापेक्षा आळशी." तरी बायकोसाठी ठेवून घेतला. घरी कपाटात असतो. एकदा मी तिची साडी उसनी घ्यायला ते कपाट उघडलं आणि किंकाळी फोडली, पण ते जाऊ दे.

दुसरं स्थळ विजेचं. केंद्राने पंधरा दिवस वापरून बघायला दिलं. खोबणीच्या आत दोन धातूच्या टिकल्या, त्या धाकट्याच्या स्नायूंवर टेकतात. मनगट वर उचलल्यासारखं मनात आणलं की बोटं उघडतात, खाली दाबल्यासारखं मनात आणलं की मिटतात. बॅटरीवर चालतं. घूंऽऽ असा आवाज. गल्ली वेडी झाली. जो तो आला आणि म्हणाला, "माझा हात हातात घ्या ना!" फुरसतराव दिवसभर हस्तांदोलन करत बसले, पुढाऱ्यासारखे.

तिसऱ्या दिवशी त्यांना डोकं कलतं करायचं प्रात्यक्षिक करून बघायचं होतं. न्हावी कसा, दोन बोटांत कानाची पाळी हळूच धरून डोकं वळवतो. डोकं माझं घेतलं. दुसऱ्या कुणाचं मिळालं नाही. "अलगद हं," मी म्हटलं. घूंऽऽ. अलगदच धरलं त्यांनी, खोटं कशाला बोलू. आणि तेवढ्यात बॅटरी संपली.

आता हात उघडेना. कान माझा, हात त्यांचा, दोघं जोडलेले. दुखत नव्हतं, पण सोडतही नव्हतं. फुरसतराव घामाघूम. मग त्यांना अक्कल सुचली. त्यांनी धाकटा खोबणीतून सुळ्ळकन बाहेर काढला आणि दोन पावलं मागे जाऊन उभे राहिले, सुटल्यासारखे. आणि मी तिथे, कानाला अख्खा हात लटकलेला! वजन पेलायला तो मीच माझ्या दोन्ही हातांनी धरून उभी. अशात माझं एक गिऱ्हाईक मला शोधत आलं. "पिवळी रिबीन आहे का?"

"आहे," मी म्हटलं, "डावीकडच्या खणात. स्वतः घ्या, माझे हात अडकलेत. तिन्ही."

शेवटी बायको शाळेतून आली, पुस्तिका काढली, चष्मा लावला, आणि बाहेरून हात सोडवायचा बारीक खटका असतो तो शोधून काढला. ती हसली नाही. फुरसतराव मात्र जमिनीवर बसून हसत होते.

विजेचा हात परत गेला. कानामुळे नाही, मी मोठ्या मनाची आहे. तो गेला कारण कटिंगच्या दुकानात पाणी उडतं, बारीक केस उडतात, आणि ते सगळं त्याच्या सांध्यांत जाऊन बसतं. उन्हात घाम आला की टिकल्या सरकतात आणि बोटं ऐकेनाशी होतात. शिवाय दिवसभर हात वर धरायचा म्हणजे त्याचं वजन खांद्याला नकोसं होतं. व्यायामबाई म्हणाल्या, "ऑफिसात बसणाऱ्याला हा उत्तम. तुमच्या धंद्याला नाही. हात कामाकडे बघून निवडायचा असतो."

मग तिसरं स्थळ. आकडा. पोलादाची दोन वाकडी बोटं, रबराच्या कड्यांनी एकमेकांवर दाबून बसवलेली. पाठीवरून एक पट्टा जातो, तो उजव्या काखेतून फिरतो, आणि त्याला जोडलेली तार आकड्यापर्यंत येते. खांदे जरा पुढे गोल केले की तार ताणते आणि आकडा उघडतो. सैल सोडले की मिटतो. ना बॅटरी, ना घूं. दिसायला असा की मी म्हटलं, "भाऊजी, यावर छत्री चांगली अडकेल." बायकोने तोंड फिरवलं. पण फुरसतरावांनी त्यात कंगवा धरला, हवेत दोनदा वर नेला. मग म्हणाले, "तारेतून कळतंय. किती घट्ट धरलाय ते खांद्याला कळतंय."

स्थळ पसंत.

दोन महिने शिकणं चाललं. आधी लाकडी ठोकळे, मग कागदी पेले, मग अंडी. पहिल्या आठवड्यात आम्ही शेजारपाजारचे सगळे फुटकी अंडी खात होतो. मग शर्टाची बटणं, मग बुटाचे बंद, मग कंगवा आणि कात्री. कंगव्याच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, म्हणजे पोलादात घसरत नाही. आकड्यात कंगवा, उजव्यात कात्री, कंगवा केसांतून वर जातो आणि बाहेर आलेले केस कात्री उडवते. जमायला लागलं! व्यायामबाईंच्या समोर केसांच्या एका टोपावर त्यांनी इतक्या सफाईने कटिंग केली की बाईंनी टाळ्या वाजवल्या.

आणि मग ते दुकानात आले, मी स्टूल घेऊन दारात बसले, टोप लाकडी डोक्यावर चढवला, त्यांनी कंगवा लावला, आणि मी सहज म्हटलं, "काल वरच्या मजल्यावरच्या काकांनी स्वतःचाच चष्मा शोधायला पोलिसात तक्रार दिली, आणि तक्रार लिहिताना तो नाकावर होता."

फुरसतराव हसले. खांदे हलले. तार ताणली. आकडा उघडला. कंगवा खाली.

मी वाकून कंगवा उचलला. मग ते पुन्हा हसले, आणि आकडा रिकामाच टक् टक् टक् करत उघडला-मिटला, तोही हसत असल्यासारखा.

झालं काय होतं, हे नंतर कळलं. हातवाल्याने पट्ट्याचं माप घेतलं तेव्हा फुरसतराव ताठ उभे होते, एक शब्द न बोलता, शाळेतल्या फोटोसारखे. दोन महिने केंद्रात शिकले तेही गुमान, कारण व्यायामबाईंपुढे कुणाची टाप आहे हसायची! आकडा गप्प माणसाच्या मापाचा झाला होता. आणि या माणसाने आयुष्यात एकही कटिंग गप्प राहून केलेली नाही.

हातवाल्याने तार जरा सैल केली. त्याने बारीक हसू निभावलं. पण खरं, पोटातलं हसू आलं की कंगवा खालीच. अजून सैल केली तर आकडा नीट उघडेना. त्याने एक उलटा आकडासुद्धा दाखवला, जो एरवी उघडा असतो आणि तार ओढली की मिटतो. त्यात हसल्यावर कंगवा पडणार नाही, उलट घट्ट धरला जाईल. पण तो धरून ठेवायला खांदा सतत ओढून धरावा लागतो. एका कटिंगमध्ये फुरसतराव धनुष्यासारखे वाकडे झाले.

बायकोने हे सगळं पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. कंगवा पडला याचं तिला काही नव्हतं. तिला दिसत होतं ते पुढचं. कंगवा पडतो, मधला आडोसा जातो, कात्री चालूच, आणि कुणाचा तरी कान. "एकदा रक्त निघालं की संपलं," ती म्हणाली. "लोक म्हणतील, एका हाताचा न्हावी, आणि कान कापतो. मला नाही ऐकवणार ते."

अशा वेळी तिचा मोठा भाऊ आला. याला आम्ही झाकणराव म्हणतो, अर्थात पाठीमागे. डोक्यावर मधोमध गुळगुळीत, म्हणून डाव्या कानावरची एक बट त्याने वीतभर वाढवलीय आणि ती डोक्यावरून उजव्या कानापर्यंत आणून बसवतो. वारा सुटला की तो घरातच थांबतो. माणूस वाईट नाही, पण दुसऱ्याचं भलं करायला आला की पाय आपटत येतो.

"दाजी, मी बोलून ठेवलंय," तो म्हणाला. "गाड्या लावायच्या मैदानाच्या फाटकावर खिडकी आहे. आत बसायचं, गाडी आली की कळ दाबायची. एका हाताचं काम! महिनाअखेरीपर्यंत जागा धरून ठेवलीय. आणि तुमच्या दुकानाला एक पोरगा तयार आहे, चौकातल्या दुकानातला."

फुरसतरावांनी विचारलं, "खिडकीत बोलायला कोण असतं?"

"कुणी नाही. शांत एकदम!"

फुरसतरावांचा चेहरा असा झाला की जणू त्यांचा उरलेला हातही मागितला. नवरा खिडकीत बसावा असं बायकोला वाटत नव्हतं, हे मला दिसत होतं. पण तो खुर्चीमागे उभा राहून हसावा याची तिला धडकी होती, हेही दिसत होतं.

मग ती म्हणाली, "एक अख्खी कटिंग. कापड बांधण्यापासून मान झटकण्यापर्यंत. कुणाची मदत नाही, आणि ओरखडा नाही. जमलं तर दुकान. नाही जमलं तर खिडकी."

"कबूल," फुरसतराव म्हणाले. "डोकं कुणाचं?"

ती भावाकडे वळली. "दादा, तुला एवढी काळजी आहे ना यांची? तू बस."

झाकणरावाचा हात आपोआप बटेवर गेला.

महिनाअखेरीला तीन आठवडे होते. व्यायामबाईंनी ऐकलं आणि पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, "हसू थांबवायला मी शिकवू शकत नाही, आणि शिकवणारही नाही. पण उजव्या हाताला शिकवता येईल. आकडा उघडला की कात्री वर. विचार न करता. खांद्याला कळतं ना तार ताणली ते? तेच उजव्याला कळलं पाहिजे. शंभरदा करा, दोनशेदा करा, अंगात मुरेपर्यंत."

कशावर करायचं? फुगा! न्हाव्याच्या धंद्यात दाढी शिकवतात ती फुग्यावर साबण लावून. आम्ही फुगा फुगवला, त्यावर टोप चढवला, खाली कान म्हणून माझ्या दुकानातली दोन मोठी बटणं चिकटवली. आकड्यात कंगवा, उजव्यात कात्री. आणि माझं काम, जे मी जन्मभर फुकट करत आले, ते आता अधिकृत झालं. त्यांना हसवायचं.

पहिल्या दिवशी अकरा फुगे फुटले. मी बोलायची, ते हसायचे, कंगवा खाली, कात्री चालूच, आणि फटाक! अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. समोरचा चपला शिवणारा ओरडायचा, "गेला का कान?" वरून काका ओरडायचे, "कुणाचा?" दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी बारा, कारण मी विजेच्या हाताची गोष्ट परत सांगितली, अभिनयासकट. दुपारी चार वाजले की लोक खुर्च्या घेऊन येऊन बसायला लागले. माझ्याकडचे लाल फुगे संपले, मग निळे काढले, मग कुणाच्या तरी वाढदिवसासाठी ठेवलेले ‘अभिनंदन’ लिहिलेले सुद्धा. अभिनंदन फटाक, अभिनंदन फटाक.

दुसऱ्या आठवड्यात मला विनोद कमी पडायला लागले. गल्लीतल्या सगळ्यांची प्रकरणं संपली, मग मी स्वतःच्या नवऱ्यावर आले, मग सासूबाईंवर, मग शेवटी स्वतःवर. आणि एक दिवस असा आला की मी त्यांना पोट धरायला लावलं, कंगवा खाली पडला, आणि फुगा फुटला नाही. कात्री हवेत. फुरसतराव स्वतःच्या उजव्या हाताकडे परक्याच्या हाताकडे बघावं तसं बघत राहिले.

"मी नाही उचलली," ते म्हणाले. "आपोआप गेली."

पडलेला कंगवा परत वापरायचा नाही, म्हणून जंतुनाशकाच्या बरणीत त्यांनी सहा जादा कंगवे ठेवले. हिशेबाला एकूण सदुसष्ट फुगे गेले. शेवटचे तीन दिवस एकही नाही. चपला शिवणारा नाराज झाला. बायको मात्र एकदाही बघायला आली नाही. फुगा म्हणजे माणूस नाही, म्हणाली.

रविवारी सकाळी झाकणराव आला. रात्रभर झोपला नसावा. खुर्चीत बसला आणि खुर्चीचे दोन्ही हात धरले, विमानात बसल्यासारखे. बायको आरशाच्या शेजारी उभी राहिली, जिथून कात्रीचं टोक दिसेल. मला दारात बसायची परवानगी होती, पण तोंड बंद. मी दातांत पेन्सिल धरली.

फुरसतरावांनी आकड्याने कापड उचललं, झटकलं, मानेमागे गाठ मारली. आकड्याने एक टोक धरलं, उजव्याने दुसरं फिरवलं, गाठ पक्की. फवारा मारला. कंगवा आकड्यात बसला.

"त्या बटेला हात लावायचा नाही, दाजी," झाकणराव म्हणाला.

"हात नाही लावत. आकडा लावतो."

पेन्सिल माझ्या दातांत करकरली.

मागून सुरुवात झाली. कंगवा वर, कात्री कच् कच् कच्. केस पडायला लागले, तोच जुना आवाज, भिंतीपलीकडून जो मी अकरा महिने ऐकला नव्हता. मानेवरची ओळ अशी सरळ आली की फूटपट्टी लावावी. झाकणरावाने डोळे घट्ट मिटले होते आणि घाबरल्यामुळे तो बडबडत होता. खिडकीत पंखा आहे. खिडकीला पडदाही लावून देतील. खिडकीतून एक झाडसुद्धा दिसतं. फुरसतराव ‘हं, हं’ म्हणत डाव्या कानावर आले. कंगवा कानाला टेकला, कात्री त्यावरून सरकायला लागली.

आणि झाकणरावाने, डोळे मिटूनच, अगदी बारीक आवाजात विचारलं, "दाजी... कान आहे ना?"

"आहे," फुरसतराव म्हणाले.

"दोन्ही?"

"एक आहे. दुसऱ्याकडे अजून पोचलोच नाही."

स्वतःच्याच बोलण्यावर त्यांना हसू फुटलं. बारीक नाही, पोटातलं. मी काहीही केलेलं नाही, पेन्सिल साक्षीला आहे. खांदे गदगदले, तार ताणली, आकडा उघडला, कंगवा कानावरून घरंगळत खाली गेला.

कात्री वर होती. झाकणरावाच्या डोक्यापासून हातभर उंच, उघडी, निश्चल.

झाकणरावाने एक डोळा उघडला आणि आरशात स्वतःचा कान मोजला. बायको पुढे आली. तिने नवऱ्याच्या उजव्या मनगटाकडे बघितलं, मग कात्रीकडे, मग जमिनीवरच्या कंगव्याकडे. प्रयोगशाळेत एखादी गोष्ट एकदा घडली तर ती मानत नाही, हे आम्हाला माहीत आहे.

"पुन्हा," ती म्हणाली.

"काय पुन्हा?" झाकणराव किंचाळला.

ती माझ्याकडे वळली. "तुम्ही. हसवा त्यांना."

मी पेन्सिल थुंकली. मला बाई असं कुणी आयुष्यात सांगितलं नव्हतं! मी त्यांना झाकणरावाची एक गोष्ट सांगितली, वादळाच्या दिवशी तो बसमधून उतरताना त्याच्या बटेचं काय झालं ती, आणि ती इथे लिहिणार नाही, कारण तो वाचेल. फुरसतराव नवा कंगवा घेऊन कानावर होते. कंगवा खाली, कात्री वर. मग दुसरी गोष्ट. कंगवा खाली, कात्री वर. तिसऱ्या गोष्टीला झाकणराव स्वतःच हसायला लागला, डोकं खुर्चीवर गदागदा, आणि तरीही कात्री वरच. बायकोचा चेहरा थरथरत होता. आधी मला वाटलं रडतेय. मग तिने आरशाचा आधार घेतला आणि असं हसली, असं हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि समोरचा चपला शिवणारा सुई तशीच ठेवून धावत आला, काय झालं म्हणून.

हसू ओसरलं. तिने पदराने डोळे पुसले, भावाच्या खिशातून त्याचा मोबाईल काढला आणि कापडाखालून त्याच्या हातात दिला.

"फोन लाव."

"कुणाला?"

"फाटकवाल्यांना."

झाकणराव कापडात गुंडाळलेला, डोक्याची एक बाजू झालेली, एक बाजू जंगल, बट पाण्याने निथळत खांद्यावर. त्याने नंबर लावला. आम्ही सगळे कान देऊन उभे.

"हॅलो... हो, मीच. ते आमचे दाजी... नाही, येणार नाहीत... नाही हो, तब्येत ठणठणीत आहे. त्यांना गिऱ्हाईक आहे." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, आणि तो चिडला. "कोण म्हणजे? मी! मी बसलोय इथे, अर्धं डोकं झालंय माझं! ठेवा तुम्ही!"

"मान खाली," फुरसतराव म्हणाले, आणि बरणीतून पाचवा कंगवा काढला.